मतपत्रिकेवरचे प्रस्ताव: कॅलिफोर्नियाची पुस्तिका की ओरेगॉनचे नागरिक-मंडळ?

कॅलिफोर्नियात मतदार उमेदवार निवडतात आणि कायद्यांवरही थेट मत देतात. 2016 च्या नोव्हेंबरात राज्यपातळीवरचे तब्बल 17 प्रस्ताव होते आणि सरकारी माहितीपुस्तिका 224 पानांची!

पुस्तिका प्रामाणिक असते. विधिमंडळाच्या विश्लेषकाचा खर्चाचा अंदाज, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, कायद्याचा मजकूर, सगळे त्यात मिळते. हिंदीतही निघते, मराठीत नाही, पण बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या) आपल्या आजी-आजोबांचे त्यावर भागते. अडचण वेगळीच आहे. त्याच वर्षीचा प्रस्ताव 67 प्लास्टिक पिशव्यांवरील बंदीचा होता. बंदी उठवायची मागणी पिशवी-उत्पादकांची, म्हणून कायदा मतदानाला आणण्यासाठी सह्या त्यांनी गोळा केल्या. पण प्रश्न ‘हा कायदा मंजूर आहे का?’ असा, त्यामुळे ‘हो’ म्हणजे बंदी कायम! पुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेले असते, फक्त तिथवर वाचणारा हवा.

शेजारच्या ओरेगॉन राज्याने 2010 मध्ये दुसरी वाट धरली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे वीसेक सामान्य मतदार निवडायचे, त्यांनी काही दिवस दोन्ही बाजूंना आणि तज्ज्ञांना उलटसुलट प्रश्न विचारायचे आणि निष्कर्ष एका पानात लिहायचा. ते पान मतदार-पुस्तिकेत छापले जाई. मात्र खर्च देणग्यांवर, त्यामुळे मोजकेच प्रस्ताव तपासून झाले.

घाईत असणाऱ्याला मी ओरेगॉनसारखे पान देईन. पैशांचा प्रश्न असेल, करवाढ किंवा कर्जरोखे, तर कॅलिफोर्नियाच्या विश्लेषकाला तोड नाही. युक्तिवाद मात्र शेवटी वाचावेत, आणि आधी खाली सह्या कुणाच्या आहेत ते पाहावे.