रबाळे एमआयडीसीतील एक गॅरेज : ऑफ-रोड मोटारसायकल आणि तिचा ट्रेलर

ऑफ-रोड मोटारसायकलची देखभाल करणारे गॅरेज पारखायचे असेल, तर त्याने गाडी किती चकचकीत करून दिली यापेक्षा बाहेरून न दिसणारे कोणते भाग उघडून पाहिले, याची चौकशी करावी. या कसोटीवर रबाळे एमआयडीसीतील, ठाणे-बेलापूर रस्त्यापासून थोडे आत असलेले एक छोटे गॅरेज मला अतिशय भरवशाचे वाटले. त्याविषयी सविस्तर लिहिण्याचे विशेष कारण असे, की तेथे गाडीइतक्याच आस्थेने ती वाहून नेणाऱ्या ट्रेलरचीही देखभाल केली जाते, आणि ठाणे व नवी मुंबई परिसरात ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी करणारे दुसरे कोणी मला अद्याप भेटलेले नाही. गॅरेजला पाटी नाही. मालक स्वतः फिटर आहेत आणि हाताखाली दोन कारागीर आहेत.

माझ्याकडे हीरोची एक्सपल्स २०० आहे आणि मुरबाड-शहापूरकडे जाताना सोबत असणाऱ्या मित्राकडे रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११ आहे. दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक २१ इंची, दोन्हींना तारांची चाके आणि दोन्हींचे सस्पेन्शन लांब पल्ल्याचे : एक्सपल्सचे पुढे १९० व मागे १७० मिलिमीटर, तर हिमालयनचे पुढे २०० व मागे १८० मिलिमीटर. सस्पेन्शन जितके अधिक खाली-वर होते, तितके फोर्कचे (पुढच्या चाकाच्या दोन दांड्यांचे) सील, चिमट्याचे (मागचे चाक धरणाऱ्या दुशाखी भागाचे) बुश आणि चेन यांच्यावरील काम वाढते. त्यात आपल्याकडील पावसाळ्यातील चिखल आणि खाडीलगतची खारी, दमट हवा यांची भर पडते. त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेतील सर्व्हिसचे अंतर हे पक्क्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी आहे असे धरावे आणि चिखलातून आलेल्या गाडीचा हिशेब वेगळा ठेवावा, असे मालकांचे स्पष्ट मत आहे. ते मला पूर्णपणे पटते.

गाडी आत घेतल्यावर पहिले काम धुण्याचे असते आणि तेथेच या गॅरेजचे वेगळेपण जाणवते. जोरदार दाबाच्या पाण्याचा फवारा चाकाच्या हबवर, हँडलच्या कोन सेटवर (हँडल ज्यावर फिरते त्या बेअरिंगवर) किंवा चेनवर थेट मारला, की पाणी सील ओलांडून आत शिरते आणि ग्रीस धुऊन निघते. वरून गाडी लखलखीत दिसते, परंतु आतले बेअरिंग त्याच दिवसापासून गंजू लागते. येथे चिखल आधी भिजवून मऊ करतात, नंतर साध्या नळीने व ब्रशने काढतात आणि फवारा वापरलाच तर तो चाकाच्या रिमपुरता, दुरून. यात वेळ जातो आणि शेजारच्या वॉशिंग सेंटरपेक्षा पैसेही अधिक पडतात, पण हा खर्च वाचवू नये.

एअर फिल्टरच्या बाबतीतही हीच चोख पद्धत आहे. फोमचा फिल्टर पेट्रोलने धुतल्यास त्याचे चिकटवलेले जोड सुटू शकतात, म्हणून येथे तो फिल्टर क्लीनरने धुतात. पिळत नाहीत, दोन्ही तळव्यांमध्ये दाबून पाणी काढतात आणि पूर्ण वाळल्यावरच फिल्टर ऑइल लावतात. तेल सगळीकडे सारखे मुरले आहे की नाही, हे फिल्टर उजेडासमोर धरून पाहिले जाते. शेवटी फिल्टरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देतात, कारण बारीक धूळ बहुधा फिल्टरमधून न जाता त्याच्या कडेच्या फटीतून इंजिनात जाते. ज्यांच्या गाडीत कागदी फिल्टर आहे, त्यांना तो धुऊन पुन्हा बसवून देण्यास मालक साफ नकार देतात.

मागच्या पावसाळ्यानंतर एक्सपल्सच्या उजव्या फोर्कमधून तेल पाझरू लागले होते. दुसऱ्या एका ठिकाणी मला दोन्ही सील लगेच बदलण्याचा सल्ला मिळाला होता. येथे मात्र मालकांनी धुळीचे वरचे सील खाली सरकवले, प्लास्टिकची एक पातळ पट्टी मुख्य सीलच्या ओठाखाली घालून हलकेच गोल फिरवली आणि त्यातून वाळलेल्या तांबड्या मातीचे कण बाहेर काढून दाखवले. ‘‘दादा, सील कापलेलं नाही, खडा अडकलाय. चालवून बघा, परत गळलं तर बदलू,’’ एवढेच ते म्हणाले. त्यानंतर ते गळले नाही. फोर्कवरील चिखल वाळू न देता त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसण्याची सूचना त्यांनी केली आणि ती पाळल्यास सीलचे आयुष्य खरोखरच वाढते.

चेनचा ताण मोजण्याची त्यांची रीत प्रत्येक ऑफ-रोड चालकाने जवळून पाहावी अशी आहे. मागचे चाक खाली-वर होताना चेनचा ताण बदलत राहतो. पुढचे स्प्रॉकेट, चिमट्याचा खिळा आणि मागचा एक्सल हे तिन्ही एका रेषेत आले, की चेन सर्वाधिक ताणली जाते. गाडी स्टँडवर उभी असताना चेन नीटनेटकी दिसावी म्हणून घट्ट केली, तर मोठ्या खड्ड्यात तीच चेन गिअरबॉक्सच्या शाफ्टवर आणि बेअरिंगवर भलताच जोर देते. म्हणून येथे रॅचेट बेल्टने गाडीची मागची बाजू खाली ओढून हे तीन बिंदू एका रेषेत आणतात आणि त्या स्थितीतही चेनमध्ये थोडी ढील उरते याची खात्री करून घेतात. हिमालयनच्या मोनोशॉकची (मागच्या एकमेव शॉक ॲब्झॉर्बरची) लिंकेज, म्हणजे त्याला चिमट्याशी जोडणारे सांधे, उघडली तेव्हा आत ग्रीसऐवजी तांबूस चिकट लगदा निघाला. गाडी चालवताना मित्राला तसा काहीही त्रास जाणवला नव्हता. पण आणखी एक पावसाळा गेला असता, तर बुश आणि खिळा दोन्ही बदलावे लागले असते.

चाकाचा आउट (वाकडेपणा) काढण्याचे कामही गॅरेजमध्येच होते. प्रत्येक तारेवर पान्ह्याने हलका ठोका देतात. घट्ट तार खणखणीत वाजते, ढिली तार बद्द वाजते. ढिली तार एकदम न आवळता पाव-पाव फेरा देत संपूर्ण चाकभर फिरतात. ब्रेक पॅड आणि क्लच केबल यांचे काम कोणत्याही चांगल्या गॅरेजसारखेच आहे. त्याविषयी वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ब्रेक ऑइल मात्र हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलण्याचा आग्रह ते धरतात आणि आपल्या दमट हवेत तो रास्त आहे.

आता ट्रेलर. आपल्याकडे ट्रेलर म्हणजे लोखंडी सांगाडा आणि दोन चाके, त्याला काय होणार, अशी समजूत सर्रास आढळते. मोटारसायकल बंद पडली तर ती ढकलत कडेला घेता येते. परंतु शिळफाट्यावर किंवा मुंब्रा बायपासवर, डाव्या-उजव्या बाजूंनी कंटेनर जात असताना ट्रेलरचे चाक निखळले, तर ते इतरांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय महिनोन्‌महिने सोसायटीच्या आवारात उभा असलेला ट्रेलर रोज वापरातल्या ट्रेलरपेक्षा अधिक वेगाने खराब होतो, कारण बेअरिंगचे रोलर एकाच जागी टेकून राहतात आणि आत शिरलेले पाणी तिथेच गंज धरते.

हबचे काम मी शेवटपर्यंत उभे राहून पाहिले. वरची टोपी काढून, स्प्लिट पिन आणि नट सोडवून बेअरिंग बाहेर आल्यावर मालकांनी जुने ग्रीस पांढऱ्या कागदावर पसरवले आणि ते उन्हात तिरपे धरले. त्यात चमचमणारे धातूचे कण आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. डाव्या हबमध्ये ते होते. बेअरिंग धुतल्यावर दोन रोलरवर बारीक खड्डे दिसले, त्यामुळे ते बेअरिंग त्याच्या बाहेरच्या कड्यासह बदलले. नवे बेअरिंग जुन्या कड्यात बसवणे त्यांना मान्य नाही आणि ते योग्यच आहे. नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरताना त्यांनी तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहिले, ती थेट ग्रीस रोलरच्या फटींतून वरच्या बाजूने बाहेर येईपर्यंत. नुसते वरून थापलेले ग्रीस आतपर्यंत पोहोचत नाही. मागचे सील नवे टाकले, नट आवळताना चाक सतत हाताने फिरते ठेवले, मग नट सैल करून अगदी हलकेच पुन्हा टेकवला आणि नवी स्प्लिट पिन घातली. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरण्याचा प्रकार येथे होत नाही. पहिल्या १०-१५ किलोमीटरनंतर थांबून हबला हात लावून पाहा, तापला असेल तर नट घट्ट आहे असे समजा, आणि ५० ते १०० किलोमीटरमध्ये चाकाचे नट पुन्हा तपासा, असे त्यांनी जॉबकार्डवर लिहून दिले.

टायरची नक्षी उत्तम होती, तरीही त्यांनी बाजूच्या भिंतीवरील चार आकडे पुसून दाखवले : १५१८, म्हणजे २०१८ सालच्या पंधराव्या आठवड्यातील टायर. बाजूला सूक्ष्म चिरा पडल्या होत्या. ट्रेलरचे टायर झिजून जाण्याआधी उन्हाने आणि वयाने संपतात, हे त्यांचे म्हणणे पुराव्यासह समोर होते. स्प्रिंगच्या पाट्यांचे यू-बोल्ट, कपलरची (ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला जोडणाऱ्या भागाची) कडी आणि सुरक्षा साखळी हेही तपासले. गाड्या कुठे उभ्या करायच्या यासाठी त्यांनी ट्रेलरच्या पट्टीवर रंगाने खुणा केल्या, जेणेकरून एकूण वजनाच्या सुमारे १० ते १५ टक्के भार कपलरवर येईल. तो कमी पडला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो.

नाराजीची बाजू विजेच्या कामाची. ट्रेलरच्या मागच्या दिव्यांची वायरिंग नुसती पिळून, वर टेप गुंडाळून दिली होती आणि पहिल्याच मोठ्या पावसात डावा इंडिकेटर बंद पडला. कारण नेहमीचेच होते : अर्थ (वीज परत नेणारी जोडणी) कच्चा होता, तो सांगाड्यावरून आणि कपलरवरून मिळेल असे गृहीत धरले होते. तक्रार केल्यावर त्यांनी पैसे न घेता दुरुस्ती केली, परंतु इतर कामातील काटेकोरपणा येथे आधीपासूनच असायला हवा होता. ट्रेलर देताना प्लगपर्यंत अर्थची स्वतंत्र वायर, सोल्डरने डाग दिलेले जोड आणि त्यावर स्लीव्ह, अशी मागणी जॉबकार्डवर लिहूनच घ्यावी.

मजुरी रस्त्याकडेच्या मेकॅनिकपेक्षा बरीच जास्त आहे. मात्र पावतीवर मजुरी आणि सुटे भाग वेगळे लिहिलेले असतात व बदललेले भाग पिशवीत घालून परत मिळतात. काम सांगितलेल्या दिवशी पूर्ण होईल अशी अपेक्षा ठेवू नये. जून जवळ आला, की गर्दी वाढते, म्हणून एप्रिलमध्येच गाडी दिलेली बरी. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते आणि नोंदणी नसलेल्या ट्रेलरचे काम ते घेत नाहीत, तेव्हा कागदपत्रे सोबत न्यावीत. गॅरेजसमोरची गल्ली अरुंद असून दुपारी तेथे माल उतरवणारे टेम्पो उभे असतात. ट्रेलर रिव्हर्समध्येच आत न्यावा लागतो, त्यामुळे सकाळी दहाच्या आत पोहोचावे.