छत गळतंय, मालक हलत नाही: भाडे-खरेदीच्या घरात कोणती वाट धरावी?

भाड्याने राहता राहता घर विकत घ्यायचं, असा करार केलेल्या माणसाची खरी पंचाईत पहिल्या मोठ्या दुरुस्तीला होते. छत गळतंय म्हणून फोन केला की मालक म्हणतो, "घर तुमचंच होणार आहे, तुम्हीच करून घ्या." आणि आपण एखादी भिंत पाडायचं नुसतं बोललो की तोच म्हणतो, "अजून घर माझ्या नावावर आहे." दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, सोयीप्रमाणे.

अशा वेळी हाताशी असलेल्या वाटा मोजक्याच. भाडं रोखायचं, स्वतः काम करून खर्च भाड्यातून कापायचा, भाडं भरत राहून लेखी पाठपुरावा करायचा, किंवा तो खर्च घराच्या किमतीतून वजा करून घ्यायचा. अगदीच निभेना तर घर सोडायचं. माझा कल कुठे आहे ते आधीच सांगतो: किमतीतून वजावट. भाडं रोखण्याचा सल्ला मात्र मी सहसा कुणालाच देणार नाही.

त्याचं कारण हिशेबात आहे. महिन्याचं भाडं १०० धरू आणि त्यातले २० पुढच्या किमतीत जमा होतात असं धरू. खरेदीच्या हक्कापोटी सुरुवातीला ५०० दिलेत. तीस महिने वेळेवर भाडं भरलं, म्हणजे जमा झाले ६००. एकूण १,१०० मालकाकडे अडकलेत आणि छताच्या दुरुस्तीला खर्च आहे १८०. दोन महिने भाडं रोखलं तर हातात २०० राहतात, दुरुस्ती निघते, वरून मालकाला धडा शिकवल्याचं समाधान. पण भाडं उशिरा आलं तर त्या महिन्याची जमा बाद, आणि थकलं तर खरेदीचा हक्कच संपला, अशी कलमं या करारांत सर्रास असतात. सुरुवातीची रक्कम तर बहुधा परत न मिळणारीच असते. म्हणजे १८० साठी १,१०० पणाला. साध्या भाडेकरूचं फार तर डिपॉझिट अडकलेलं असतं, म्हणून त्याला दिलेला सल्ला इथे उचलून लावता येत नाही. ज्या मालकाला तुम्ही घर घेऊच नये असं वाटतं, त्याला तुमचं रोखलेलं भाडं हवंच असतं.

कायदा भाडं रोखू देतो, असं कुणी सांगेल. काही ठिकाणी खरंच देतो. अमेरिकेत १९७० च्या जेव्हिन्स खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने भाडं देण्याची जबाबदारी आणि घर राहण्याजोगं ठेवण्याची जबाबदारी एकमेकींशी जोडली, आणि तो विचार पुढे बऱ्याच राज्यांत रुजला. पण तो बचाव भाडेकरू म्हणून घरात टिकून राहण्यासाठी आहे. खरेदीचा हक्क त्यातून आपोआप वाचेलच असं नाही.

स्वतः काम करून भाड्यातून कापण्याची वाट दिसते सरळ, पण इथे आधी कायदा पाहावा लागतो. भारतात १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ म्हणतं की मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने सूचना मिळाल्यावर वाजवी मुदतीत केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च व्याजासह भाड्यातून कापू शकतो. वाचायला छान वाटतं. मेख कलमाच्या सुरुवातीलाच आहे: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर. भाडे-खरेदीच्या करारात नेमकं वेगळंच ठरलेलं असतं. कॅलिफोर्नियात अशी कपात एका महिन्याच्या भाड्यापुरती आणि बारा महिन्यांत दोनदाच करता येते. नळजोडणीला ती पुरेल, छताला क्वचितच. इंग्लंडमध्ये सात वर्षांपेक्षा कमी मुदतीच्या भाडेकरारात घराचा सांगाडा आणि बाहेरचा भाग १९८५ च्या कायद्याने मालकाच्या गळ्यात घातलाय, आणि नुसतं करारात लिहून त्याला तो झटकता येत नाही. थोडक्यात, एकाच गळतीला तीन ठिकाणी तीन उत्तरं. म्हणून छोटं, तातडीचं काम असेल, कायद्याचा स्पष्ट आधार असेल आणि मुदतीची लेखी सूचना देऊन झाली असेल, तरच ही वाट. एरवी कापलेली रक्कम मालकाच्या वहीत 'थकबाकी' म्हणून चढते आणि आपण पुन्हा वरच्या हिशेबाशी येतो.

तिसरी वाट कंटाळवाणी, पण तिच्यात गमवायचं काही नाही. भाडं ठरल्या तारखेला, बँकेतूनच भरायचं आणि सोबत एका ओळीचं पत्र: "दुरुस्तीबाबतचे माझे सर्व हक्क राखून हे भाडे भरत आहे." पुरावा मात्र पहिल्या दिवसापासून जमवा. ओलीच्या डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढायची, रेघेवर तारीख लिहायची, फोटो काढायचा. पुढच्या पावसानंतर नवी रेघ. तीन-चार रेघा झाल्या की भिंतच साक्ष देते. "हा डाग आधीपासूनच होता" हे मालकाचं वाक्य तिथे टिकत नाही. सोबत तटस्थ इंजिनिअरचा लेखी अहवाल घ्या. गळती कुठून येते, कारण काय, न केल्यास काय होईल, एवढं त्यात हवं. प्लंबरचं तोंडी मत भांडणात कवडीमोलाचं. फोनवर काही ठरलं तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून मेसेज टाकून ठेवा. विमा असेल तर नुकसानही लगेच कळवा, उशिराचं कारण देऊन दावा फेटाळला जाऊ शकतो. या वाटेचा तोटा एकच, छत तोवर गळतच राहतं. वायरिंगमधून ठिणग्या उडत असतील किंवा स्लॅबचे तुकडे पडत असतील, तर पत्रव्यवहारात महिने घालवू नका. जीव सांभाळा, त्या दिवसापुरतं धोका टाळण्याचं काम करून घ्या, पावती ठेवा, पैशांचं नंतर बघता येईल.

या पुराव्याचा खरा उपयोग चौथ्या वाटेवर होतो. मालकाला खिशातून आज पैसे काढणं जड जातं. दोन वर्षांनी येणाऱ्या किमतीतून तेवढेच वजा करणं तेवढं जड जात नाही. तुम्हालाही छत आजच हवं आहे. त्यामुळे भाडं पूर्ण चालू ठेवून, काम तुम्ही करायचं आणि मान्य झालेली रक्कम खरेदीखताच्या वेळी किमतीतून वजा, असा पुरवणी करार करा. त्यात कामाचं वर्णन, कमाल खर्च, मालकाची लेखी परवानगी आणि दोघांच्या सह्या हव्यातच. आणखी एक ओळ लोक हमखास विसरतात: मी हक्क वापरला नाही किंवा व्यवहार मालकामुळे फिसकटला, तर हे पैसे मला परत मिळतील का आणि किती दिवसांत? ती ओळ नसेल तर तुम्ही दुसऱ्याचं छत फुकट दुरुस्त करून दिलंत. मालक घासाघीस करेल, निम्म्यावर येईल. माझ्या मते निम्मं लेखी मिळत असेल तर पूर्ण तोंडी आश्वासनापेक्षा ते घ्यावं.

पटवायला एक मुद्दा कामी येतो. तुम्हाला कर्ज देणारी बँक शेवटी घराचं मूल्यांकन करणार, आणि गळक्या छतामुळे कर्ज अडलं तर मालकाची विक्रीही अडली. ज्याला खरंच विकायचं आहे त्याला हे लगेच कळतं. ज्याला कळत नाही, त्याला बहुधा विकायचंच नाही.

कोणतीही वाट धरण्याआधी करारात दोन गोष्टी बघा. तुम्हाला घर घेण्याचा नुसता हक्क आहे, की घ्यावंच लागणार असं बंधन आहे? नुसता हक्क असेल तर मोठ्या दुरुस्तीत पैसे ओतण्याआधी दहादा विचार करा. सोडायची मुभा हीच तेव्हा तुमची ताकद असते. बंधन असेल तर छत आज ना उद्या तुमच्याच गळ्यात येणार, तेव्हा किंमत कमी करून घेण्यावर भर द्या. आणि 'आहे त्या स्थितीत', म्हणजे घर दोषांसकट स्वीकारायचं, हे शब्द कुठे आहेत? ते विक्रीच्या कलमात असतील तर भाड्याच्या काळातली जबाबदारी त्यांनी संपतेच असं नाही, हा फरक वकिलाकडून एकदा समजून घ्या.

सोडून जाण्याबद्दल थोडंच. दुरुस्ती टाळणारा मालक कधी कधी चिक्कू नसतो, कडकीत असतो. म्हणून छतावर एक पैसा घालण्याआधी घराचा सर्च रिपोर्ट काढा. कर्जाचा बोजा आहे का, हप्ते थकलेत का, जप्तीची नोटीस लागली आहे का ते पाहा. तुमचा करार नोंदवलेला नसेल आणि बँक घर ताब्यात घेणार असेल, तर दुरुस्तीचं भांडण जिंकूनही घर हाती लागणार नाही. अशा वेळी जमा रकमेचं दुःख बाजूला ठेवून वकिलामार्फत परताव्याची नोटीस द्या. पुढचं भाडं भरायचं का, पुढचं काम करायचं का, ते त्या वकिलाच्या सल्ल्यानेच ठरवा. निघायचं ठरलंच तर प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, त्या पेन्सिलीच्या रेघांसकट, आणि किल्ल्यांची पोच सहीनिशी घेतल्याशिवाय दार ओढू नका.