जुनी फुटबॉल जर्सी घेताना: दुकानातली, खेळाडूंसाठीची की मैदानात घातलेली?

जुन्या व्यावसायिक फुटबॉलच्या जर्सी तीन प्रकारच्या मिळतात: त्या काळी चाहत्यांसाठी दुकानात आलेली रेप्लिका, क्लबला खेळाडूंसाठी पुरवलेली ‘प्लेयर इश्यू’ आणि प्रत्यक्ष सामन्यात घातलेली ‘मॅच-वॉर्न’. विक्रेते तिन्हींना ‘ओरिजिनल’ म्हणतात, आणि ते खोटंही नसतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात पैसे कापडाचे कमी आणि पुराव्याचे जास्त मोजावे लागतात. तो पुरावा वाचता येत नसेल, तर सुरुवात रेप्लिकापासूनच करावी.

रेप्लिका

इंग्लंडमध्ये चाहत्यांना जर्सी विकण्याचा धंदा १९७० च्या दशकात अ‍ॅडमिरल या कंपनीने वाढवला. १९७४ मध्ये इंग्लंड संघाचा करारही त्यांनी मिळवला. त्याआधीची ‘क्लब रेप्लिका’ समोर आली तर दोनदा तपासा.

खरा धोका नंतर बनवलेल्या प्रतींचा. स्कोअर ड्रॉसारख्या कंपन्या रीतसर परवाना घेऊन जुनी डिझाइन्स पुन्हा काढतात. त्यांत गैर काही नाही, गळ्यातल्या लेबलवर त्यांचंच नाव असतं. ते लेबल कापून ‘१९९० ची’ म्हणून विकलेला माल मात्र फसवणूक आहे. गळ्यातलं लेबल गायब असेल, तर भाव निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या. १९८०-९० च्या शर्टांमधली सावलीसारखी नक्षी बहुधा कापडातच विणलेली असते. शर्ट उलटा करून उजेडात धरा. नक्षी फक्त वरून छापलेली दिसली, तर संशय घ्या.

२००० नंतरच्या नायकीच्या बऱ्याच शर्टांत आतल्या छोट्या लेबलवर उत्पादन क्रमांक असतो, जुन्या शर्टांत तो सहा अंकी. तो इंटरनेटवर शोधल्यावर तोच शर्ट दिसायला हवा. नकली माल बनवणारे एकच क्रमांक वेगवेगळ्या संघांच्या शर्टांवर सर्रास वापरतात, त्यामुळे बरेच नकली शर्ट इथेच सापडतात.

प्लेयर इश्यू

इथे काळ पाहून निर्णय घ्यावा. २०१० च्या विश्वचषकात आदिदासने खेळाडूंना अंगाला घट्ट बसणारा टेकफिट किंवा सैल फॉर्मोशन दिला आणि दुकानात क्लायमाकूल विकला. कापड, शिवण, क्रमांक सगळंच वेगळं, त्यामुळे ओळख सोपी. १९८० च्या दशकात मात्र खेळाडूंचा आणि दुकानातला शर्ट पुष्कळदा एकाच कापडाचा असे. त्या काळातल्या ‘प्लेयर इश्यू’साठी जादा पैसे देणं आम्हाला पटत नाही, क्लबकडून शर्ट कसा बाहेर आला याची कागदोपत्री साखळी असेल तरच द्यावेत.

पुरवठादार ओळखताना छातीवरचं चिन्ह पुरेसं नसतं. १९७४ च्या विश्वचषकात पश्चिम जर्मनीचे शर्ट एरिमा या कंपनीचे होते. आदिदासने एरिमा विकत घेतली ती १९७६ मध्ये. म्हणजे आदिदासच्या तीन पट्ट्यांचा ‘१९७४ चा पश्चिम जर्मनी सामना-शर्ट’ चुकीचा. फ्रान्समध्ये आदिदासचे शर्ट व्हेंटेक्स ही कंपनी परवान्यावर बनवत असे, तिथे लेबलवर दोन्ही नावं आली तर घाबरू नका. आणि १९७४ च्या नेदरलँड्सचा १४ क्रमांकाचा आदिदासचा शर्ट कुणी क्रॉइफचा म्हणून दाखवला, तर बाहीवरचे पट्टे मोजा. त्याचा आदिदासच्या प्रतिस्पर्धी प्यूमाशी करार होता, म्हणून त्याच्या शर्टावर दोनच पट्टे होते, इतरांच्या शर्टावर तीन.

नंबरांवरूनही पुरवठादार ओळखता येतो. प्रीमियर लीगमध्ये कायमचे क्रमांक आणि पाठीवर नावं १९९३-९४ पासून आली. १९९७ ते २००७ ही अक्षरं लेक्स्ट्रा कंपनीची, २००७ ला अक्षरांचा ठसा बदलला आणि स्पोर्टिंग आयडी ही कंपनी आली. २००३ च्या शर्टावर २००७ नंतरचा ठसा असेल, तर नंबर मागाहून चिकटवला आहे.

मॅच-वॉर्न

कायमचे क्रमांक येण्यापूर्वी १ ते ११ हे आकडे त्या दिवशीच्या अकरा जणांना मिळत. एकच ९ नंबरचा शर्ट हंगामात दोघा-तिघांनी घातलेला असू शकतो. ‘अमक्याचा शर्ट’ या दाव्याला त्यामुळे सामन्याच्या फोटोशी जुळणी हवीच. पट्टेरी शर्ट यात सोपा, कारण कापताना प्रत्येक शर्टात पट्टा बाजूच्या शिवणीला, कॉलरला आणि बोधचिन्हाला वेगळ्या जागी भिडतो. साध्या एकरंगी शर्टात तिरका बसलेला नंबर, ओढला गेलेला धागा, रफू एवढंच हाताशी उरतं.

मॅराडोनाचा २२ जून १९८६ चा, विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध घातलेला शर्ट याचं उत्तम उदाहरण. ले कॉक स्पोर्टिफचे ते निळे शर्ट सामन्याआधी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून आणले होते. बोधचिन्हं हाताने शिवली आणि अमेरिकन फुटबॉलसारखे चंदेरी आकडे लावले. फक्त लेबल पाहिलं असतं, तर तो दुकानातला म्हणून बाजूला पडला असता. फोटोजुळणी झालेला तो शर्ट २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात ७१ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. विक्रेत्याचं प्रमाणपत्र फोटोजुळणीची जागा घेत नाही. त्याने ते स्वतःच छापलेलं असू शकतं.

मॅच-वॉर्न शर्ट धुऊ नका, मातीचे डाग पुराव्याचा भाग आहेत. रेप्लिका गार पाण्यात, उलटी करून, हाताने धुवा आणि छापील भागावर इस्त्री कधीच फिरवू नका.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत बुरशी धरते. शर्ट आडवा ठेवा, नंबर आणि प्रायोजकाचं नाव यांवरून घडी पडू देऊ नका, प्लास्टिकचे नंबर एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये आम्लरहित कागद घाला. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. डांबरगोळ्या टाळा, त्यांच्यामुळे प्लास्टिकची छपाई मऊ पडू शकते. आतल्या लेबलांचे फोटो घरी आणल्या दिवशीच काढून ठेवा, छापील लेबलं पुसट होत जातात.