स्लीव्ह सर्जरीनंतर चौदा महिने : वजन उतरलं, पाण्याचं विचारू नका

काल पुन्हा अडकलं. घास नव्हे, पाणी. जिने चढून आलो होतो, घशाला कोरड पडली होती, ग्लास तोंडाला लावला आणि जुन्या सवयीने तीन घोट एकदम घेतले. छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळल्यासारखं झालं, तोंडात फेस आला आणि पाच मिनिटं मी बेसिन धरून उभा. वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात मी इथे लिहिलं होतं, 'पाण्याचा त्रास आहे, पण तो तात्पुरता.' ते वाक्य मागे घेतो.

आकडे आधी देऊन टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. उंची १७० सेंमी. सर्वाधिक वजन १३६, ऑपरेशनच्या दिवशी १३१, आज सकाळी ९१. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४५ वरून ३१.५. म्हणजे तक्त्याच्या हिशेबाने मी अजून लठ्ठच. बायको म्हणते, "तक्त्याला काय कळतंय? तू आता बुटाची नाडी बसून नाही, वाकून बांधतोस." स्लीप स्टडी, म्हणजे झोपेची तपासणी, पुन्हा झाली आणि झोपेत श्वास अडू नये म्हणून लावायचं सीपॅप मशीन कपाटावर गेलं. रक्तदाबाच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद झाली. इथपर्यंत पैसे वसूल.

स्लीव्ह म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी करणं, बायपास म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडणं, एवढं नव्यांसाठी पुरे. पाण्याचं गणित मात्र मला आधी कुणीच नीट समजावलं नाही. जठराचा वरचा सैल भाग असतो ना, फंडस म्हणतात तो, ती म्हणजे अचानक आलेल्या पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली. सहा घोट एकदम आले तरी ती ऐसपैस होते आणि त्यांना सामावून घेते. स्लीव्हमध्ये नेमकी तीच खोली कापून बाहेर काढतात. जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जातो. उरते एक अरुंद, ताठ नळी आणि खालचं दार पूर्वीसारखंच, आपल्या मर्जीने उघडणारं. वरून भसाभसा ओतलं तर ते जाणार कुठे?

गंमत अशी की भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरकही मुख्यतः त्याच खोलीत तयार होतं. पहिले सहा महिने मला भूक लागलीच नाही, घड्याळ बघून खायचो, ते त्यामुळेच. बावीस वर्षं जिच्याशी भांडलो ती भूक आणि घटाघटा पाणी पिण्याचं सुख, दोघं एकाच खोलीत राहत होती. एकीला बाहेर काढताना दुसऱ्याचंही सामान गेलं.

त्यात अर्ध्या तासाचा नियम. खाताना पाणी नाही, खाल्ल्यावर अर्धा तास नाही. मी हिशेब मांडून बघितला. जागेपणीचे सोळा तास. पाच वेळा खाणं, प्रत्येक वेळी खायला अर्धा तास आणि नंतर कोरडा अर्धा तास, म्हणजे पाच तास वजा. उरलेल्या अकरा तासांत दीड लिटर पाणी पोटात गेलं पाहिजे. माझा घोट तीस मिलिलिटरचा. म्हणजे पन्नास घोट, दर तेरा मिनिटांना एक. मीटिंगमध्ये, गाडी चालवताना, फोनवर बोलताना, तेरा मिनिटांना एक. खुणा केलेली बाटली घेऊन फिरणारा माणूस म्हणून ऑफिसात माझी ओळख आहे. वजन चाळीस किलोंनी उतरलं ते लोक दोन महिन्यांत विसरले, बाटली मात्र लक्षात राहिली.

हे सगळं केलंच कशाला, तर घरातल्या वजनकाट्यामुळे. त्याची मर्यादा १३५ होती आणि एका सकाळी त्याने आकड्याऐवजी 'एरर' दाखवलं. नवा काटा घ्यायचा की काट्यात मावायचं, असा प्रश्न होता. त्याआधी मी दोनदा अठरा-अठरा किलो उतरवून दाखवले होते आणि दोन्ही वेळा व्याजासकट परत घेतले होते. मनाची ताकद कमी, असं लोक म्हणायचे आणि मीही मानायचो. वजन उतरलं की शरीर कमी जाळतं आणि भूक वाढवतं, खर्चात कपात करून कर्ज मागत बसतं, हे मला फार उशिरा कळलं. स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन झालेल्या आणि न झालेल्या लठ्ठ लोकांचा मोठा पाठपुरावा सुरू झाला. दहा वर्षांनंतर बायपास झालेल्यांचं वजन सरासरी २५ टक्क्यांनी कमीच होतं आणि ऑपरेशन न केलेले जवळपास होते तिथेच. २००७ साली त्यांनी मृत्यूंचे आकडे छापले, त्यातही ऑपरेशनवाल्यांचं पारडं बरं निघालं. ते वाचून मी फॉर्म भरला.

वजन उतरवायचं इंजेक्शन का नाही घेतलं, हा प्रश्न हल्ली रोज येतो. त्यातल्या सेमाग्लुटाइड या औषधाने सरासरी १५ टक्के वजन उतरतं, हे खरं आहे. पण बंद केल्यावर वर्षभरात गमावलेल्यापैकी दोन तृतीयांश परत येतं, हेही चाचण्यांतच दिसलं. मी महिन्याच्या हप्त्याला घाबरणारा माणूस. एकदाच पैसे भरू आणि मोकळे होऊ, असा माझा विचार होता.

मोकळे होऊ! इथेच माझी कंजुषी मला नडली.

व्हिटॅमिनच्या गोळ्या आयुष्यभर असतात, हे मला सांगितलं होतं. मी मान हलवली होती, सहीही केली होती. पण सातव्या महिन्यात रिपोर्ट उत्तम आले, मला बरं वाटत होतं आणि गोळ्यांचं बिल दर महिन्याला डोळ्यांत खुपत होतं. शिवाय त्यांचंही वेळापत्रक! लोह आणि कॅल्शियम एकत्र घ्यायचं नाही, मध्ये दोन तास हवेत. पाण्याचे तेरा मिनिटांचे घोट, जेवणाचे कोरडे अर्धे तास आणि वर हे दोन तास. कंटाळलो आणि सगळंच बंद केलं. अकराव्या महिन्यात तळपायांना मुंग्या यायला लागल्या. बी-१२ तळाला, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) त्याच्याही खाली. बी-१२ शोषायला जे लागतं ते जठरातच तयार होतं आणि त्यातलं बरंचसं जठर मी देऊन बसलो होतो. मग इंजेक्शनं, पुन्हा तपासण्या, न्यूरॉलॉजिस्टची फी. चार महिन्यांत गोळ्यांवर जे वाचवलं ते तीन आठवड्यांत गेलं. मुंग्या आता जवळपास गेल्यात. गोळ्यांचा डबा टूथब्रशशेजारी ठेवलाय.

केस गळणं, तिसऱ्या आठवड्यात एकाच आकड्यावर अडकलेला वजनकाटा, दंडाखाली लोंबणारी कातडी, यावर सगळ्यांनी लिहिलंय. माझंही तसंच झालं. केस चौथ्या महिन्यात मूठमूठ गेले, नवव्यापर्यंत बरेचसे परतले. पुढे चला.

आता सेवेबद्दल. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. माहितीपत्रकावर 'आयुष्यभराची साथ' असं छापलेलं आहे. हे आयुष्य नेमकं बारा महिन्यांचं निघालं. तेराव्या महिन्यात आहारतज्ज्ञ बाईंनी मेसेजला उत्तर देणं बंद केलं आणि फोन केला तर 'तुमचं पॅकेज संपलंय' असं ऐकवलं. पाण्याची तक्रार घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जावं म्हटलं, तर त्यांनी ऑपरेशन नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं तो कागद, मागितली. माझ्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड. नोटसाठी तीन खेपा मारल्या. पहिल्यांदा फाइल तळघरात, दुसऱ्यांदा सही करणारे रजेवर, तिसऱ्यांदा मी खुर्ची ओढून बसलो आणि बाटलीतून तेरा मिनिटांनी घोट घ्यायला लागलो. चौथ्या घोटाला कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं, '३६ फ्रेंच बूजी'. बूजी म्हणजे कापताना मापासाठी जठरात घालतात ती नळी. फ्रेंच मापाला तीनने भागलं की मिलिमीटर येतात. बारा मिलिमीटर जाडीच्या नळीच्या आधाराने माझं जठर शिवलंय. ऑपरेशन करून घेणाऱ्यांनो, घरी जायच्या आधी ही नोट हातात घ्या, उद्या देतो म्हटलं तरी उठू नका.

भर, सोळा दिवसांनी : एंडोस्कोपी झाली. नळी कुठेही आक्रसलेली नाही, पीळ नाही, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला थोडी आम्लाची लाली आहे आणि त्यासाठी गोळी सुरू केलीय. (आम्लपित्त जुनं असेल तर स्लीव्हआधी दहा वेळा विचार करा, बायपास त्या बाबतीत बरं. मला आधी नव्हतं, आता झालंय.) म्हणजे वर मी ऑपरेशनला जो दोष दिला तो अर्धाच खरा. नव्या डॉक्टरांनी मला समोर बसवून पाणी प्यायला सांगितलं आणि दोन घोटांनंतर म्हणाले, "अहो, तुम्ही पाणी पीत नाही, ओतताय." माझा तीस मिलिलिटरचा घोट प्रत्यक्षात साठच्या वर निघाला, मोजून. म्हणजे वरचा तेरा मिनिटांचा हिशेबही चुकला, तो सुधारत बसत नाही. आता लहान मुलांचा छोटा कप वापरतो. पाणी कोमट असलं की जास्त सुरळीत उतरतं, गार असलं की अडतं. सोळा दिवसांत एकदाच अडकलं. घटाघटा पिण्याचं सुख गेलं ते गेलंच, त्यावर माझं मत बदललेलं नाही.

पुन्हा करशील का, असं विचारतात. करेन, पण गोळ्या सोडणार नाही आणि प्रोटीन पावडर आधी घेऊन ठेवणार नाही. दिवसाला साठ ग्रॅम प्रोटीन लागतं म्हणून मी ऑपरेशनआधीच, घाऊक घेतली तर स्वस्त म्हणून, सहा डबे आणले. एकाच चवीचे, व्हॅनिला. ऑपरेशननंतर चव बदलते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून व्हॅनिलाचा वास आला की मी खोलीबाहेर. एक डबा कसाबसा संपवला, तीन वाटले. दोन अजून सीलबंद आहेत, मुदत संपायला पाच महिने आहेत. कुणाला हवे असतील तर अर्ध्या किमतीत देतो.