उएनोचं विज्ञान संग्रहालय: आधी घड्याळ, मग डायनासोर

टोकियोच्या उएनो बागेतलं राष्ट्रीय निसर्ग व विज्ञान संग्रहालय बहुतेक लोक डायनासोरच्या सांगाड्यांसाठी गाठतात. बाहेरचं ज्ञान जपानने कसं घेतलं आणि कसं आपलंसं केलं हे बघायचं असेल, तर आधी 'चिक्यूकान' इमारतीत '२एफ'ला जा. जपानी लोक तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे हा आपला पहिला मजला.

इथलं खरं रत्न म्हणजे जपानी यंत्रकार तानाका हिसाशिगे यांनी १८५१ साली पूर्ण केलेलं 'मान्नेन जिमेइशो' हे घड्याळ. हजाराहून जास्त भाग, सहा तबकड्या आणि वर काचेच्या घुमटाखाली जपानच्या नकाशावरून फिरणारे सूर्य-चंद्र. एका तबकडीवर पाश्चात्त्य वेळ, एकीवर चंद्रकला, एकीवर सूर्याच्या स्थितीनुसार पाडलेले वर्षाचे २४ टप्पे. जपानी वेळेची तबकडी मात्र निवांत बघा. तेव्हा पहाट ते संध्याकाळ सहा भाग आणि रात्रीचे सहा भाग असा हिशेब होता. म्हणजे उन्हाळ्यात दिवसाचा एक भाग अडीच तासांहून मोठा, तर हिवाळ्यात दोन तासांहून लहान. युरोपीय घड्याळ हे दाखवूच शकत नाही, कारण त्याचा काटा वर्षभर एकाच गतीने फिरतो. साध्या जपानी घड्याळांत मग तबकडीवरच्या खुणांच्या पट्ट्या ऋतूप्रमाणे हाताने सरकवत. तानाकांनी त्या आपोआप सरकतील अशी सोय केली. किड्यासारख्या आकाराचं दातेरी चाक एकाच दिशेच्या फिरण्याचं पुढे-मागे जाण्यात रूपांतर करतं आणि पट्ट्या वर्षभरात जवळ येतात, पुन्हा लांब जातात. हे चाक तबकडीमागे दडलेलं असतं. पाट्यांवरचा इंग्रजी मजकूर मोजका आहे, म्हणून यंत्रणेची आकृती आधी बघून गेलात तरच समोरच्या वस्तूची किंमत कळेल.

नंतर 'निहोनकान' या १९३१ सालच्या इमारतीत तळमजल्याच्या दक्षिण भागात या. खगोलशास्त्रज्ञ शिबुकावा शुनकाई यांचे ताऱ्यांचा गोल आणि पृथ्वीगोल इथे आहेत. चीनमधून आलेलं पंचांग जपानने ८६२ पासून आठ शतकांहून जास्त काळ तसंच वापरलं. चुका साठत गेल्या, ग्रहणांची भाकितं फसू लागली. शुनकाईंनी दुसऱ्या एका चिनी पद्धतीला निरीक्षणांची आणि चीन-जपानमधल्या रेखांशाच्या फरकाची जोड दिली. ते पंचांग १६८५ पासून लागू झालं.

१८८० मध्ये इंग्लंडहून आणलेली २० सेंटिमीटरची ट्रॉटन दुर्बीण भव्य आहे, पण थांबायचं ते मिल्न यांच्या भूकंपमापकापाशी. जॉन मिल्न १८७६ मध्ये खाणकाम शिकवायला जपानला आले. १८८० च्या योकोहामा भूकंपानंतर त्यांच्या पुढाकाराने जपानमध्ये भूकंपशास्त्राची संस्था उभी राहिली. १८९५ मध्ये ते इंग्लंडला परतले तेव्हा हे शास्त्र जपानकडून युरोपकडे निघालं होतं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. सोमवारी सुट्टी आली तर ते उघडं राहतं आणि मंगळवारी बंद. बारावीपर्यंतच्या मुलांना कायम प्रदर्शन मोफत आहे. या दोन दालनांना अडीच तास ठेवा. सांगाडे त्याच चिक्यूकानच्या तळघरात आहेत.