एपिक ९१७४एफ: निम्म्या कोअरचा, पण आमच्या कामाचा प्रोसेसर

नागपूरच्या अमरावती मार्गावर, वाडी येथे असलेल्या आमच्या गोदामाचा सर्व्हर बदलताना एएमडीचे दोन प्रोसेसर विचाराधीन होते: ३२ कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग) एपिक ९३५४ आणि १६ कोअरचा एपिक ९१७४एफ. आम्ही दुसरा घेतला तेव्हा ‘निम्म्या कोअरसाठी एवढे पैसे?’ अशी कार्यालयात बरीच कुरकुर झाली, परंतु वर्षभराच्या वापरानंतरही मला तो निर्णय योग्यच वाटतो.

रात्री साठ्याचा हिशेब जुळवताना प्रत्येक नोंद आधीच्या शिलकेवर अवलंबून असते, त्यामुळे ते काम अनेक कोअरमध्ये वाटताच येत नाही. एक कोअर राबतो आणि बाकीचे बसून राहतात. अशा कामाला ९३५४ च्या ३.२५ गिगाहर्ट्झ मूळ आणि ३.८ गिगाहर्ट्झ कमाल वेगापेक्षा ९१७४एफचे ४.१ आणि ४.४ हे आकडे थेट उपयोगी पडतात. एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली वेगवान मेमरी, दोन्हींत २५६ एमबीच असल्याने ९१७४एफमध्ये प्रत्येक कोअरच्या वाट्याला ती दुप्पट येते. शिवाय एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस सॉफ्टवेअरचा परवाना कोअर मोजून घेताना ३२ कोअरसाठी दुप्पट रक्कम मोजावी लागली असती. एकाच सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने तयार केलेले स्वतंत्र संगणक) चालवायच्या असत्या, तर मात्र मी ९३५४ च घेतला असता.

मेमरीच्या बाबतीत आमची फसगत झाली. या प्रोसेसरला डीडीआर५-४८०० मेमरीचे १२ चॅनेल, म्हणजे माहिती ने-आण करणारे मार्ग, आहेत आणि ते सगळे वापरायला प्रत्येकावर एक तरी पट्टी लागते, पण विक्रेत्याने ‘पुढे वाढवता येईल’ म्हणून ६४ जीबीच्या चारच पट्ट्या बसवल्या. क्षमता २५६ जीबी झाली खरी. मात्र सेकंदाला ४६०.८ जीबी या कमाल वहनक्षमतेपैकी केवळ १५३.६ जीबी हाती राहिली, आणि महिनाअखेरीस सगळे एकदम अहवाल मागू लागले की यंत्र अडखळू लागले. आता १६ जीबीच्या १२ पट्ट्या आहेत. एकूण मेमरी १९२ जीबीच असूनही अहवाल लवकर निघतात. डेस्कटॉपच्या साध्या पट्ट्या येथे चालत नाहीत, रजिस्टर्ड ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी, सर्व्हरसाठीची) मेमरीच लागते.

खरी उणीव उष्णतेची आहे. ९३५४ च्या २८० वॅटऐवजी याला ३२० वॅट लागतात आणि नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. एका सहकाऱ्याने सर्व्हरच्या खोलीला वाळ्याचा कूलर लावण्याचे सुचवले होते. दमट हवेच्या भीतीने मी ते नाकारले आणि दोन एसी आळीपाळीने चालू ठेवले, ज्यांचे वीजबिल खरेदीच्या हिशेबात कोणीच धरले नव्हते.