आरसीवर पहिला मालक, गाडी मात्र पुरातली

जुनी सात आसनी डिझेल एसयूव्ही घ्यावी की नाही, या विचारात असलेल्यांनी आमच्या बाबतीत घडलेला प्रकार पूर्ण वाचावा, अशी माझी विनंती आहे. कारण आमची फसवणूक खोट्या कागदपत्रांनी नव्हे, तर पूर्णपणे खऱ्या कागदपत्रांनी झाली. आरसी खरी होती, चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक जुळत होते, बँकेचा बोजा उतरलेला होता, एकही ई-चलन थकलेले नव्हते आणि परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचा अनुक्रमांक एक होता. तरीही ती गाडी 22 जुलै 2021 रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीच्या पुरात बुडालेली आणि विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्ती परवडण्यापलीकडची, ठरवून दाव्याची रक्कम चुकती केलेली गाडी होती.

आई-वडिलांना घेऊन पुण्याहून साताऱ्याला वरचेवर जावे लागत असल्यामुळे आम्हाला उंच बैठकीची, मोठी गाडी हवी होती आणि नवी घेणे आवाक्याबाहेरचे होते. 2023 च्या हिवाळ्यात पुण्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे 2018 सालची, एमएच 08 म्हणजे रत्नागिरी पासिंगची पांढरी गाडी पाहिली. "साहेब, डॉक्टरांची एकहाती गाडी आहे, तुम्ही आधी आरसी बघा आणि मगच बोला," असे तो विक्रेता म्हणाला आणि त्याचे हे बोलणे कागदोपत्री खरे निघाले. किंमत बाजारभावापेक्षा थोडीशीच कमी होती. फारच स्वस्त मिळणारी गाडी संशयास्पद असते हे सर्वांना ठाऊक असते, आणि नेमके म्हणूनच असे विक्रेते किंमत फार खाली आणत नाहीत. आमच्या नेहमीच्या मेकॅनिकनेही गाडी चालवून पाहिली आणि इंजिन, क्लच, सस्पेन्शन उत्तम असल्याचे सांगितले. त्याचे निदान चूक नव्हते. ते भाग खरोखरच दुरुस्त होते.

पुरात बुडालेली गाडी विक्रीयोग्य दिसते कशी, हे समजून घेणे आवश्यक आहे. बंद अवस्थेत उभ्या असलेल्या गाडीत पाणी शिरले, तर इंजिन उघडून, धुऊन, ऑइल आणि फिल्टर बदलून पुन्हा चालते करता येते. डेंटिंग-पेंटिंगने बाहेरचे रूप परत येते, सीट कव्हर आणि कार्पेट बदलले की आतलेही. जे बदलले जात नाही ते वायरिंग, कारण संपूर्ण वायरिंग आणि त्याला जोडलेली नियंत्रण युनिट बदलण्याचा खर्च अशा धंद्यात परवडत नाही. कनेक्टरमध्ये राहिलेला ओलावा आणि गाळ तांब्याला हळूहळू खातो, त्यावर हिरवट थर चढतो आणि दोष काही महिन्यांनी, बहुधा पुढच्या पावसाळ्यात, एकेक करून बाहेर येतात. आमच्याकडे प्रथम एअरबॅगचा दिवा लागला, मग मागच्या दाराची काच आपोआप खाली येऊ लागली आणि शेवटी खंबाटकी घाटात, आई-वडील मागे बसलेले असताना, गाडी चढावर अचानक बंद पडली.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये इलेक्ट्रिशियनने कार्पेट उचलले तेव्हा खालच्या वायरिंगवर वाळलेला तांबूस गाळ होता. कोकणातील गाडीच्या चाकांजवळ किंवा चासीवर लाल माती असणे स्वाभाविक आहे, त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. परंतु तीच माती फ्यूज बॉक्सच्या मागे, सीटच्या रुळांत आणि सीटबेल्टच्या अगदी शेवटच्या वीतभर पट्ट्यावर सापडत असेल, तर ती पाण्याबरोबरच तेथे आलेली असते. एअरबॅग नियंत्रित करणारे युनिट बहुतेक गाड्यांमध्ये दोन पुढच्या सीटांच्या मधोमध, तळालगत बसवलेले असते. आमच्या गाडीतील ते युनिट निकामी झाले होते, म्हणजे धडक झाली असती तर एअरबॅग उघडल्या नसत्या. अशी गाडी निर्दोष म्हणून एखाद्या कुटुंबाला विकणे हे केवळ पैशांचे लुबाडणे नाही, ते माणसांच्या जिवाशी खेळणे आहे, आणि मला त्याचा संताप आजही येतो.

त्याच सेंटरने चासी क्रमांकावरून जुन्या नोंदी काढून दिल्या. जून 2021 पर्यंत सर्व्हिसिंग वेळच्या वेळी झालेले होते आणि त्यानंतर एकही नोंद नव्हती. विक्रेत्याने आम्हाला सर्व्हिसची काही बिले दाखवली होती, ती सर्व त्याआधीचीच होती. विम्याच्या कागदात तर याहून स्पष्ट खूण होती. आम्हाला केवळ चालू वर्षाची पॉलिसी देण्यात आली होती आणि तिच्यात नो क्लेम बोनस शून्य होता. ज्या मालकाने सलग पाच वर्षे दावा केलेला नाही त्याला गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात 50 टक्के सवलत मिळते; मग जपून वापरलेल्या एकहाती गाडीच्या पॉलिसीत ती शून्य का? विम्यात खंड पडून पॉलिसीचे नूतनीकरण 90 दिवसांत झाले नाही, तरी ही सवलत जाते, त्यामुळे शून्य म्हणजे पूर असे समीकरण मांडता येणार नाही. मात्र नोंदणीपासून आजपर्यंतच्या सर्व पॉलिसी मागाव्यात आणि मधला एखादा काळ कोरा असेल, तर त्याचे लेखी स्पष्टीकरण मिळेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

मूळ मालकांपर्यंत पोहोचल्यावर सर्व उलगडा झाला. ते खरोखरच डॉक्टर आहेत. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा घोषित मूल्याच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या तिच्या किमतीच्या, 75 टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. त्याप्रमाणे त्यांना दाव्याची रक्कम मिळाली आणि सांगाडा लिलावातील खरेदीदाराने नेला. त्या वेळी त्यांच्याकडून हस्तांतरणाच्या 29 आणि 30 क्रमांकाच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेण्यात आल्या. गाडी भंगारात गेली, अशीच त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ती लिलावातील खरेदीदाराकडून दुरुस्ती करणाऱ्याकडे आणि त्याच्याकडून विक्रेत्याकडे गेली. परंतु यांपैकी कोणीही ती स्वतःच्या नावावर करून घेतली नाही. परिणामी नोंदणीत पहिले नाव डॉक्टरांचे आणि दुसरे थेट आमचे. ज्या एका गोष्टीवर ग्राहक सर्वाधिक विश्वास ठेवतो, तो मालकाचा अनुक्रमांक, हाच या फसवणुकीचा मुख्य आधार होता.

ही साखळी तोडण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी प्राधिकरणाकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना नोंदवली गेली की तो तिचा मानीव मालक, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालक, ठरतो. आमच्या विक्रेत्याकडे असे अधिकारपत्र नव्हते. गाडी पाहण्यापूर्वी ते दाखवायला सांगावे. जो टाळाटाळ करील, त्याच्याशी व्यवहार करू नये. गाडी आपल्या पसंतीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेऊन रॅम्पवर चढवण्यास आणि कार्पेट उचलून पाहण्यास जो नकार देतो, त्याच्याबाबतीतही हेच म्हणेन.

विक्रेत्याचा बचाव असा आहे की, गाडी "जशी आहे तशी" स्वीकारल्याचे आम्ही डिलिव्हरी नोटवर मान्य केले आहे आणि त्यालाही ती एका एजंटमार्फत मिळाली होती. परंतु ठाऊक असलेली वस्तुस्थिती सक्रियपणे लपवणे म्हणजे भारतीय करार कायद्याच्या कलम 17 नुसार कपट होय, आणि कपटाने मिळवलेल्या संमतीवरचा करार कलम 19 नुसार फसवल्या गेलेल्या पक्षाला रद्द ठरवून घेता येतो. नवे कार्पेट टाकताना खालचा गाळ दिसलाच नाही, हे कोणालाही पटणारे नाही. व्यापारी विक्रेत्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, म्हणून आम्ही ती दाखल केली आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते. थेट मालकाकडून खासगीरीत्या गाडी घेतली असेल, तर हा मार्ग सहसा उपलब्ध नसतो, हेही आधीच लक्षात घ्यावे.

ज्यांची गाडी पुरात किंवा अपघातात टोटल लॉस ठरली आहे, त्यांनाही मला काही सांगायचे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 नुसार नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या वाहनाची माहिती मालकाने नोंदणी प्राधिकरणाला 14 दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर द्यावयाची असते, म्हणजे तिची नोंदणी रद्द होते. सांगाडा देताना कोऱ्या फॉर्मवर सह्या करू नका आणि आरसीचे पुढे काय होणार, हे लेखी घ्या. नोंदणी तुमच्या नावावर राहील तोवर त्या गाडीने केलेल्या अपघाताची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते. डॉक्टरांना हे समजल्यावर त्यांनी विमा कंपनीच्या दावा निकाली काढल्याच्या पत्राची प्रत आणि आपले लेखी निवेदन आम्हाला स्वतःहून दिले. त्या पत्रावरचा चासी क्रमांक आमच्या आरसीवरचाच आहे, आणि आयोगापुढील आमच्या तक्रारीत तोच सर्वांत भक्कम पुरावा आहे.